कायम होण्याआधीची वर्षे

(जळगाव येथे मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात शिक्षकाच्या नोकरीवर बोलावे असे कार्यकर्त्यांनी सांगितले, तेव्हा हा विषय एखाद्या शिक्षकाकडे द्यावा असे आम्ही सुचवले. त्यावर त्यांचे उत्तर होते, "जो कायम झाला तो ते दिवस विसरला, आणि जो कायम झाला नाही तो बोलायला घाबरतो. तेव्हा तुम्हीच बोला." हे उत्तर ऐकल्यावर आम्हाला नाही म्हणता आले नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. पण बँकेच्या काउंटरवर माणसाची सही, तारीख आणि पावती या तीन गोष्टींशी रोज संबंध येतो. आजचा विषयही शेवटी या तीन गोष्टींवरच येऊन थांबतो.

जळगाव-धुळ्याकडच्या आपल्या वस्त्यांत फिरून पाहा. आजोबा गावकामात किंवा शेतमजुरीत, वडील भुसावळच्या रेल्वेत, सूतगिरणीत किंवा मिळेल त्या कामावर, आणि मुलगा वा मुलगी डी.एड., बी.एड. झालेली. शिक्षक होणे ही आपल्या घरांतली पहिली पांढरपेशी वाट आहे. तिच्यासाठी आईने मंगळसूत्र गहाण टाकलेले असते, बापाने कर्ज काढलेले असते. नेमणुकीची ऑर्डर हातात पडली की सगळ्या वस्तीला पेढे वाटले जातात. खरी परीक्षा मात्र त्या दिवशी सुरू होते. ऑर्डर मिळाल्यापासून कायम होईपर्यंतची जी दोन-तीन वर्षे असतात, त्यांत आपली मुले सर्वांत जास्त एकटी पडतात. ज्याच्या घरात आधी कोणी नोकरी केलेली आहे त्याला काका-मामा सांगतात, की या कागदावर सही कर, त्या कागदावर करू नकोस. आपल्या मुलांना हे सांगणारे घरात कोणी नसते. आजचे आमचे बोलणे त्या सांगण्याच्या जागी समजावे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात प्राथमिक शिक्षक हे शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना अध्यापनाचे शिक्षण द्यावे आणि त्यांचा पगार कोठेही दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत पंधरा ते वीस रुपये असावा, अशी मागणी होती. शिक्षकाला पोटापुरते आणि मानाने मिळाले नाही तर बहुजनांच्या मुलांचे शिक्षण होणार नाही, हे जोतीरावांनी तेव्हाच ओळखले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे तर स्वतः शिक्षक होते. १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत त्यांनी व्यापारी कायद्याचे अर्धवेळ अध्यापन केले. तासांवर शिकवून घर चालवणे म्हणजे काय, हे आपल्या मुक्तिदात्याला अनुभवाने ठाऊक होते.

बाबासाहेबांच्या देखरेखीखाली घडलेल्या संविधानात अनुच्छेद ३११ आहे. सरकारी नोकराला त्याची बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही, हे संरक्षण त्याने दिले. परंतु खाजगी संस्थेच्या शाळेतला शिक्षक सरकारी नोकर नाही, म्हणून हे छत्र त्याच्या डोक्यावर येत नाही. बरे, कामगार कायद्याचा आधार घ्यावा तर तोही दरवाजा बंद झाला. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नाही. म्हणजे सरकारी नोकरही नाही आणि कामगारही नाही, अशा मधल्या जागेत खाजगी शाळेचा शिक्षक उभा होता.

महाराष्ट्रात ही उणीव भरून काढली ती महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ या कायद्याने. तो १५ जुलै १९८१ पासून अंमलात आला आणि त्याचे नियमही त्याच वर्षीचे आहेत. या कायद्याच्या उद्देशिकेतच सांगितले आहे, की कर्मचाऱ्यांना नोकरीची शाश्वती व स्थैर्य द्यायचे ते त्यांनी विद्यार्थी आणि पालक यांच्याविषयीचे, तसेच संस्था आणि समाज यांच्याविषयीचे कर्तव्य नीट पार पाडावे म्हणून. मित्रांनो, या वाक्याचा अर्थ खोल आहे. शिक्षकाच्या नोकरीची शाश्वती ही कायद्याने विद्यार्थ्यासाठी मागितली आहे. ज्या शिक्षकाला मे महिन्यात आपण असू की नसू याची चिंता आहे, तो वर्गात निर्भयपणे शिकवू शकत नाही. चेअरमनच्या नातवाला कमी गुण देण्याचे धैर्य त्याला होत नाही. शाळेत आपल्या मुलांना वेगळे बसवले तर तो मान खाली घालून जातो.

आता कायदा काय सांगतो ते सोप्या शब्दांत पाहू. कायम स्वरूपाची जागा रिकामी असेल तर व्यवस्थापनाने ती शक्य तितक्या लवकर पात्र उमेदवाराने भरावी, असे कलम ५ म्हणते. असा उमेदवार दोन वर्षे परिविक्षेवर, म्हणजे ज्याला आपण प्रोबेशन म्हणतो त्यावर असतो. ती दोन वर्षे समाधानकारक रीतीने पूर्ण झाली की तो कायम झाला असे कायदाच मानतो. काम समाधानकारक नसेल तर या काळात एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन त्याला कमी करता येते. असे कमी केलेल्याला त्याच संस्थेने वर्षाच्या आत पुन्हा घेतले, तर आधीचा प्रोबेशनचा काळ धरावा लागतो. मान्यताप्राप्त खाजगी शाळा विनाअनुदानित असली तरी हा कायदा तिला लागू आहे, हेही ध्यानात ठेवा. "आमची शाळा विनाअनुदानित आहे, आम्हाला कायदा नाही," असे कोणी सांगितले तर ते खरे नाही.

येथे आमच्या खात्यातले एक उदाहरण द्यावेसे वाटते. बँकेतील कारकुनाचा प्रोबेशनचा काळ सर्वसाधारणपणे सहा महिने असतो. १९५३ च्या शास्त्री निवाड्यापासून ही पद्धत चालत आली, आणि ती टिकली ती बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेमुळे. नोटा मोजणाऱ्याला पारखायला सहा महिने पुरतात, आणि मुले घडवणाऱ्याला मात्र दोन-तीन वर्षे टांगून ठेवले जाते. यावर प्रत्येकाने विचार करावा.

तीन वर्षे म्हणण्याचे कारण शिक्षण सेवक योजना. २००० सालापासून शासनाने ही योजना आणली. पुढे २००७ साली कायद्यातच दुरुस्ती होऊन शिक्षण सेवकाचा तीन वर्षांचा काळ हा परिविक्षेचा काळ ठरला. या काळात वेतनश्रेणी नाही, फक्त मानधन. पुष्कळ वर्षे हे मानधन प्राथमिकला सहा हजार, माध्यमिकला आठ हजार आणि उच्च माध्यमिकला नऊ हजार रुपये होते. एवढ्या पैशात घरभाडे भरायचे की घरी पाठवायचे, हा प्रश्न आपल्या अनेक मुलामुलींनी सोसला आहे. १ जानेवारी २०२३ पासून ते अनुक्रमे सोळा, अठरा आणि वीस हजार झाले. वाढ झाली याचा आनंद आहे, परंतु तीन वर्षांचा टांगता काळ तसाच राहिला. महाविद्यालयांत तर तासिका तत्त्वावर, म्हणजे सी.एच.बी.वर, नेट-सेट झालेली माणसे वर्षानुवर्षे शिकवत आहेत आणि त्यांचा प्रोबेशनचा काळही सुरू झालेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधील कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना किमान वेतनश्रेणीचा हक्क दिला आणि शिक्षकाला अशी वागणूक देणाऱ्यांचे कान उपटले. त्या निकालाकडे आपल्या सी.एच.बी. बांधवांनी लक्ष ठेवावे.

कायदा चांगला असला तरी त्यात फटी आहेत, आणि त्या माहीत नसल्याने आपली मुले फसतात. पहिली फट ऑर्डरमधल्या शब्दांत आहे. "परिविक्षाधीन" हा शब्द वेगळा आणि "तात्पुरती, अमुक तारखेपर्यंत" हे शब्द वेगळे. ठरावीक मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुकीवर काम केले म्हणून माणूस आपोआप कायम होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्तान एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात १९९७ साली स्पष्ट केले. जूनमध्ये घ्यायचे, एप्रिलअखेर सोडायचे, पुन्हा जूनमध्ये नवी ऑर्डर, असे चार-पाच वर्षे केलेले तरुण आम्ही पाहिले आहेत. त्यांना वाटते पाच वर्षांची सेवा झाली. कागदावर मात्र पाच वेगवेगळे तुकडे असतात.

दुसरी बाब राखीव जागांची. राखीव जागेसाठी त्या प्रवर्गाचा उमेदवार मिळाला नाही, तर ती जागा इतर मागास प्रवर्गांतून भरावी, आणि तेथूनही कोणी मिळाला नाही तर बिगर-मागास उमेदवाराला फक्त एकेका वर्षाच्या तात्पुरत्या नेमणुकीवर घ्यावे, असे नियम ९ सांगतो. म्हणजे ती जागा आपली म्हणून शिल्लक राहते. परंतु आपण चौकशी केली नाही, बिंदुनामावली पाहायला मागितली नाही, तर ती जागा आहे हेच आपल्याला कळत नाही. २०१७ पासून शासनाने पवित्र पोर्टल आणल्यामुळे भरतीत बराच फरक पडला आहे. तरीही रुजू झाल्यानंतरची वर्षे पोर्टल सांभाळत नाही, ती ज्याची त्याने सांभाळायची असतात.

आता आपल्या बाजूने काय आहे ते पाहू. "काम समाधानकारक नाही" असे म्हणून कोणालाही वाटेल तेव्हा घालवता येते, असा सर्वत्र समज आहे. तो पूर्ण खरा नाही. नियम १५ प्रमाणे मुख्याध्यापकाने प्रोबेशनवरील कर्मचाऱ्याच्या कामाचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवली पाहिजे. प्रोग्रेसिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की व्यवस्थापनाचा कमी करण्याचा अधिकार हा या नियमासह वाचला पाहिजे. थोडक्यात, दोन वर्षे काही लिहायचे नाही आणि शेवटच्या महिन्यात एका ओळीत घरी पाठवायचे, हे चालत नाही. आणि गैरवर्तनाचा आरोप ठेवून काढायचे असेल, तर साधी नोटीस पुरत नाही, रीतसर चौकशी करावी लागते.

कमी केल्यास कलम ९ प्रमाणे शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. मुदत आदेश मिळाल्यापासून तीस दिवस. हे तीस दिवस आपली माणसे कुठे घालवतात, तर चेअरमनच्या दारात, पुढाऱ्याच्या बंगल्यावर आणि "पुढच्या जूनला पाहू" या आश्वासनावर. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला कारण पटवावे लागते. न्यायाधिकरण कामावर परत घेण्याचा आणि मागचा पगार देण्याचा आदेश देऊ शकते. महाराष्ट्रातीलच एका शिक्षिकेला न्यायाधिकरणाने दिलेला मागील पूर्ण पगार उच्च न्यायालयात गेला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तिला परत मिळवून दिला. बेकायदेशीरपणे काढलेल्या माणसाचे घर त्या काळात कसे चालते याचा विचार त्या निकालात झालेला आहे. न्यायाधिकरणानंतर आपल्या जळगाव-धुळ्यासाठी छत्रपती संभाजीनगर येथील उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. वकिलाच्या फीची चिंता असेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना आणि महिलांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचे कार्यालय असते. तेथे जायला लाजू नका.

आणखी एक कलम आमच्या फार आवडीचे आहे. कलम ७ म्हणते, कर्मचाऱ्याला राजीनामा द्यायचा असेल तर त्याने तो दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत व्यवस्थापनाकडे रजिस्टर पोस्टाने पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. राजीनाम्यासाठी कायद्याने एवढी काळजी का घ्यावी? कारण रुजू होतानाच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवण्याची वाईट चाल होती, आणि ती अजून सगळीकडची गेलेली नाही. नको झालेल्या दिवशी त्या कागदावर राजीनामा लिहिला जातो.

बँकेत बसून आम्ही याहून वाईट प्रकार पाहतो. पगार खात्यात जमा होतो, तो शिक्षकाच्याच नावाने. पण त्याचे एटीएम कार्ड दुसऱ्याच्या खिशात असते, सही केलेले कोरे चेक कुणा तिसऱ्याच्या कपाटात असतात. पगाराच्या दुसऱ्या दिवशी निम्मी रक्कम निघून जाते. नाव-गाव आम्ही सांगणार नाही, बँकेचा शिरस्ताही तसा आहे. एवढेच सांगतो, की एकदा अशी एक शिक्षिका पासबुक भरून घ्यायला आली आणि नोंदी पाहून काही न बोलता निघून गेली. काउंटरच्या अलीकडे बसून आमच्याही तोंडून शब्द निघाला नाही. मित्रांनो, कार्ड आणि कोरा चेक देणे म्हणजे आपला हात कापून देणे आहे. कितीही अडचण असली तरी ते करू नका.

तेव्हा काय करावे? एक साधी फाईल करा. तिच्यात जाहिरातीचे कात्रण, अर्जाची पोच, अनुसूची 'ड' च्या नमुन्यातील नेमणुकीची ऑर्डर, रुजू झाल्याचा अहवाल, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेची प्रत, वेळापत्रक, वर्गाचे निकाल, तपासणीचे शेरे, पगाराच्या नोंदींचे पासबुक, सगळे तारखेप्रमाणे लावा. मान्यतेचा प्रस्ताव गेला की नाही हे संस्था सांगत नसेल, तर २००५ च्या माहितीच्या अधिकारात शिक्षणाधिकारी कार्यालयाला विचारा. जे काही द्याल त्याची पोच घ्या. जे काही मिळेल त्यावर मिळाल्याची तारीख घाला. बँकेत कितीही ओळखीचा माणूस असला तरी स्लिपशिवाय पैसा हलत नाही, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. नोकरीतही पोच मागणे हा उद्धटपणा नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रोबेशन असूच नये, असे आमचे म्हणणे नाही. न शिकवणारा, उशिरा येणारा, मुलांना तुच्छतेने वागवणारा शिक्षक कायम झाला, तर तीस वर्षे त्याचा भुर्दंड आपल्याच मुलांना पडतो. पारखण्याचा अधिकार संस्थेला हवाच. पण पारख वर्गात बसून, वही तपासून आणि लेखी सांगून झाली पाहिजे. तेव्हा आपल्या तरुणांनीही या वर्षांत वेळेवर जाणे, टाचण काढणे, शुद्ध लिहिणे, मुलांची नावे पाठ असणे यांत कसूर करू नये. चांगल्या कामाची नोंद हाच सर्वांत मोठा पुरावा असतो.

येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना एक नम्र विनंती. आपल्यातल्याही काही मंडळींनी शाळा, वसतिगृहे काढली आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, त्यांचे नाव आपण संस्थांना देतो. मग त्या संस्थेत कोऱ्या कागदावर सही घेतली जाते काय, अकरा महिन्यांची ऑर्डर दिली जाते काय, हे आपण विचारले पाहिजे. दुसऱ्याच्या संस्थेतला अन्याय बोलून दाखवायचा आणि आपल्या माणसाच्या संस्थेत गप्प बसायचे, हे धम्माला धरून नाही. बुद्धांनी सम्यक आजीविका सांगितली. ती नोकरी करणाऱ्याला जितकी लागू आहे तितकीच नोकरी देणाऱ्यालाही आहे.

दरवर्षी ३१ जुलैला आपल्यापैकी अनेकजण धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर अभिवादनाला जातात. १९३७ साली बाबासाहेब तेथे मुक्कामाला होते. ते खानदेशात आले होते न्यायालयात एका खटल्याचे काम चालवायला. पक्षकाराचे कागद वाचून, कायद्याची पुस्तके चाळून ते उभे राहिले. त्या जागेला वंदन करताना ही गोष्टही आठवणीत असावी.

मंडळाला आमची एक सूचना आहे. महिन्यातून एका रविवारी विहारात दोन तास ठेवावेत. नव्याने नोकरीला लागलेल्या शिक्षकांनी आपली फाईल घेऊन यावे, निवृत्त शिक्षक आणि आपल्यातले वकील यांनी ती पाहावी. कोणाला आदेश मिळाला तर त्याचे तीस दिवस मोजण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी. यासाठी वर्गणी लागत नाही, एक टेबल आणि चार खुर्च्या पुरतात. पहिल्या रविवारी अर्ज लिहायला आम्ही स्वतः येऊन बसू.

 जयभीम, नमो बुद्धाय!